भजनाची कॅसेट

शिपाईमामांनी टेप हातात घेऊन उलटीपालटी केली. "साहेब, भजनाची कॅसेट काय वो?" म्हटलं, मामा, एलटीओ-8 हाय ही, कॉम्प्युटरच्या डेटाची बॅकअप टेप. आत 960 मीटर फीत, 12 टीबी मावतंय!

काल रात्री डेटाबेसचा डंप (म्हणजे सगळ्या डेटाची प्रत) नेटवर्कवरून थेट टेपवर सोडला होता. डेटा हळू आला की ड्राइव्ह थांबायचा, फीत मागं घ्यायचा, परत पळायचा. घर्र... खट्... घर्र. डोकं उठलं. आज डंप आधी लोकल डिस्कवर घेतला, मग टेपवर. एका दमात गेला गडी! रिस्टोर करूनपण बघितला, म्हणजे टेपवरनं डेटा परत काढून (बॅकअप झाला म्हणणाऱ्या नुसत्या हिरव्या टिकवर आपला विश्वास नाही).

टेप आता दुसऱ्या शाखेत, वरच्या मजल्यावर. आमचा सर्व्हर तळमजल्याला, आणि 2019 ला पंचगंगा कुठवर आलती ते भिंतीवर अजून दिसतंय.