एकच मूळ संख्या जास्त

आमच्या कोडच्या लायब्ररीत एक जुनं फंक्शन आहे, ३२ बिटची कुठलीही संख्या द्या, ती मूळ आहे की नाही ते सांगतं. आत मिलर-राबिन टेस्ट (काही छोट्या संख्या, म्हणजे 'आधार', घेऊन मूळ संख्येला जुळायलाच हवं असं एक गणित करून बघते; संयुक्त संख्या क्वचितच त्यातून निसटते), आधार २, ३, ५, ७, आणि वर कुणाची तरी कमेंट, "३२ बिटला एवढं पुरतं". ते फास्ट करायचं काम माझ्याकडे आलं. हात लावायच्या आधी जुनं बरोबर आहे का ते बघायची माझी सवय, म्हणून रात्रभर पूर्ण रेंज चालवली, ४२९ कोटींच्या वर. सकाळी मूळ संख्यांचा काउंट आला २०,३२,८०,२२२. खरा आकडा २०,३२,८०,२२१ आहे, मला तो पाठ आहे.

सीनियर म्हणाले, एकाचाच फरक आहे ना, लूप एकदा जास्त फिरलं असेल, सोड. मला हे अजिबात पटलं नाही. एकाचा फरक दिसला की लूपवर ढकलायचं ही सवयच लागलीय सगळ्यांना.

मग एराटोस्थेनिसची चाळणी लिहिली (प्रत्येक मूळ संख्येच्या पटी खोडत जायच्या, उरतात त्या मूळ), तुकड्या-तुकड्याने कारण मेमरीत सगळं मावत नाही, आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहिली. फरकाच्या फाइलमध्ये एकच ओळ: ३,२१,५०,३१,७५१. म्हणजे १५१ × ७५१ × २८३५१. चक्क संयुक्त संख्या!

ती सुटते कशी हे वहीत मांडायला बसलो आणि दुपार त्यातच गेली. या टेस्टची ताकद वर्ग करत जाण्यात आहे, पण या संख्येतून १ वजा केला की २ ने एकदाच भाग जातो, मग वर्ग करायला वावच राहत नाही. उरतं एवढंच की तिन्ही अवयवांना आधार हा कुठल्यातरी वर्गाला त्या अवयवाने भागून उरणारी बाकी वाटतो (१) की नाही (−१). तिघांचं एकमत झालं की टेस्ट पास. २ ला तिघेही १. ३ ला तिघेही −१. ५ ला १, ७ ला −१. चारही वेळा एकमत! ढोबळ हिशोबाने एकदा एकमत व्हायची शक्यता चारात एक, म्हणजे सलग चारदा २५६ मध्ये एक. ११ घेतला असता तर १५१ कडून १ आला असता आणि ७५१ कडून −१, तिथंच पकडली गेली असती.

आणि हे काही नवीन नाही, १९८० सालीच पोमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ या गणितज्ञांनी दाखवलंय की २५०० कोटींच्या आत या चार आधारांना फसवणारी ही एकच संख्या आहे. कमेंट लिहिणाऱ्याने तपासायला हवं होतं. आमच्या कोडच्या चाचण्या रँडम संख्यांवर चालतात, त्यात ही एक सापडणार कधी?

आता आधार २, ७, ६१ घातलेत, ४,७५,९१,२३,१४१ पर्यंत हे तीनच पुरतात, आणि एक आधार कमी म्हणून फास्टही झालं.

आज त्याच फाइलमधलं ६४ बिटचं फंक्शन उघडलं. आधार २ पासून २३ पर्यंत नऊ, आणि वर तशीच कमेंट. ३८,२५,१२,३०,५६,५४,६४,१३,०५१ टाकून बघितली, हीसुद्धा तीन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. फंक्शनने मूळ म्हणून पास केली.