आजोबांच्या घड्याळाचा स्टाफ

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आजोबांचं मनगटी घड्याळ कपाटाच्या वरच्या फळीवरून फरशीवर पडलं. काच शाबूत, काटे जागेवर, पण चावी दिली तरी घड्याळ चालेना. बडोद्यातल्या मांडवीजवळच्या ज्या कारागिरांकडे आमच्या घरची घड्याळं दोन पिढ्यांपासून जातात, त्यांनी डोळ्याला आयग्लास लावून मिनिटभर पाहिलं. "भाई, स्टाफ तूटी गयो छे. आनो स्टाफ हवे नथी मळतो." म्हणजे स्टाफ तुटलाय, आणि याचा स्टाफ आता मिळत नाही. मी म्हटलं, मी बनवला तर? त्यांनी आयग्लास उतरवून माझ्याकडे पाहिलं आणि तुटका स्टाफ कागदाच्या पुडीत बांधून दिला.

बॅलन्स स्टाफ म्हणजे बॅलन्स व्हीलचा, मागे-पुढे झुलून घड्याळाची गती राखणाऱ्या चाकाचा, आस. या घड्याळाचे ठोके तासाला 18000, म्हणजे दिवसाला 4,32,000, आणि प्रत्येक ठोक्याला ते चाक या आसावर झुलतं. आसाच्या दोन्ही टोकांना पिव्हट, म्हणजे बारीक अणी असतात, केसाएवढ्या जाडीच्या. घड्याळ पडलं की सगळ्या चाकाचा भार त्या पिव्हटवर येतो. नंतरच्या घड्याळांत, अगदी एचएमटी जनतामध्येही, पिव्हट ज्या हिऱ्यांत (खरं तर माणकाच्या खड्यांत) फिरतात ते कमानीवर बसवलेले असतात, त्यामुळे धक्का पचतो. आजोबांच्या घड्याळात ती सोय नाही.

माझी नोकरी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये झाली. लेथ मला नवा नाही. दांडिया बाजारच्या घरात मागच्या खोलीत जुन्या बाजारातून घेतलेला घड्याळजींचा 8 मिलिमीटर कोलेटचा, म्हणजे तुकडा घट्ट धरणाऱ्या बाहीचा, लेथ आहे. त्याला शिलाई मशीनची मोटर जोडली आहे, वेग पायाच्या पॅडलवर. या कामाला मला ही मोटर फार आवडते. दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाय हलका केला की स्पिंडल लगेच मंदावतं.

आधी मापं. वरचा पिव्हट शाबूत होता, 0.11 मिलिमीटर. खालचा मुळापासून गेलेला, म्हणून एकूण लांबी जुन्या स्टाफवरून मिळेना. मग घड्याळ पूर्ण उघडलं, वरचे-खालचे एंडस्टोन (पिव्हटच्या टोकांवरचे खडे) काढले, बॅलन्सचा पूल, म्हणजे चाकाला वरून धरणारी पट्टी, परत जागेवर कसला आणि बाहेरून बाहेर माप घेतलं. त्यातून दोन्ही बाजूंच्या खळग्यांची खोली वजा केली. तीन वेळा घेतलं, तिन्ही वेळा 3.86 आलं, तेव्हा कागदावर लिहिलं. चाकाची बैठक, बालकमानीच्या (चाकाला झुलवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगच्या) कोलेटची, म्हणजे कडीची बैठक, खालच्या रोलरची (छोट्या चकतीची) बैठक असं प्रत्येक पायरीचं माप हाताच्या तळव्याएवढ्या चित्रावर टाकलं. या चित्राला एक अख्खा रविवार गेला. तो गेला म्हणून पुढचं काम मार्गी लागलं, असं माझं ठाम मत आहे.

स्टील 2 मिलिमीटरचं सिल्व्हर स्टील, म्हणजे कडक करता येणारं हत्यारी पोलाद. आधी कडक करायचं, मग कातायचं. पपडी धरू नये म्हणून तुकड्यांवर ओला साबण फासला, लोखंडी तारेत गुंडाळून चेरीसारखे लाल होईपर्यंत तापवले आणि सरळ उभे तेलात सोडले. आडवे पडले तर वाकतात. मग एक बाजू घासून चकचकीत केली आणि पितळेच्या किसावर ठेवून खालून स्पिरिटचा दिवा लावला. आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा, आणि जांभळ्यातून गर्द निळा उमटतो तो क्षणभरच. साधारण 300 अंशांचा तो रंग दिसला की दिवा बाजूला. माझा पहिला तुकडा जांभळ्यावरच उतरवला होता. तो जास्त कडक राहिला आणि वरचा पिव्हट 0.15 वर आला असताना टिचकन तुटला.

दुसऱ्या वेळी निळ्यापर्यंत नेला. हत्यार हातात धरायचं कार्बाइडचं ग्रेव्हर, टी-रेस्टवर टेकवून. टूलरूममध्ये आम्ही टूलपोस्ट कसून डायल फिरवायचो. इथे डायल नाही, बोटांना लागणारा दाब हेच माप. ग्रेव्हर डायमंड लॅपवर घासायचं, दहापट आयग्लासखाली टोक बघायचं, आणि टोकावर उजेडाचा ठिपका दिसला तर पुन्हा घासायचं. धारदार टोकाला उजेड थांबत नाही. बरोबर धारेनं छिलका केसासारखा लांब निघतो, आणि भुकटी पडायला लागली की थांबून धार लावायची. मी एकदा थांबलो नाही. पिव्हट मुळाशी जाड आणि टोकाशी बारीक झाला, ते मापताना कळलं. लेथमागे पांढरा कागद लावला तेव्हापासून पिव्हटची कड काळ्या रेघेसारखी स्पष्ट दिसू लागली, आणि तशी चूक पुन्हा झाली नाही.

खरं अवघड पुढे आहे. एक बाजू झाली की स्टाफ उलटा धरायचा. तयार बाजू कोलेटमध्ये धरायला गेलं तर पिव्हट मोडतो, आणि माझ्या कोलेटांत मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशाची डुग, म्हणजे फिरताना डोलणं, आहेच. जुन्या घड्याळजींची रीत लाखेची. पितळेचा सळईतुकडा चकमध्ये धरून त्याच्या तोंडाला शंकूसारखा 60 अंशांचा खळगा पाडायचा. त्यानंतर ते पितळ चकमधून काढायचं नाही, कितीही मोह झाला तरी. वर चपडा लाख वितळवायची, तयार पिव्हट शंकूत टेकवायचा आणि लाख मऊ असतानाच लेथ हळू फिरवत लाकडी काडीनं स्टाफला बाजूनं आधार द्यायचा. आधी तो भोवऱ्यासारखा डुलतो. काडी टेकवत राहिलं की डुलणं कमी कमी होतं आणि एका क्षणी तो फिरतोय की थांबलाय ते कळत नाही. तिथे काडी धरून लाख थिजू द्यायची. तिसरा स्टाफ मी इथेच घाईनं घालवला: डुग राहिली आणि खालचा पिव्हट वरच्याच्या सरळ रेषेत आला नाही. चौथा लांबी कमी करताना लाखेतून सुटून उडाला. मी आणि सौ. रात्री अकरापर्यंत चुंबक घेऊन फरशी धुंडाळत होतो, सापडला नाही. "पुढच्या वेळी खाली पांढरी चादर अंथर," ती म्हणाली. तेव्हापासून चादर असते, आणि कडेला पुठ्ठाही.

पाचवा जमला. पिव्हट 0.12 वर सोडले आणि शेवटचा शतांश घासून नाही, दाबून उतरवला. याला बर्निशिंग म्हणतात. स्टीलच्या गुळगुळीत पट्टीवर एमरीनं आडव्या बारीक रेघा मारायच्या, थेंबभर तेल, आणि खाली आधार देऊन पिव्हट फिरवत पट्टी चालवायची. वरचा थर दबून कडक होतो आणि आरशासारखा चमकतो. बर्निशिंग करताना पिव्हटला आधार देणारं जॅकॉट टूल माझ्याकडे नाही, म्हणून लेथच्या समोरच्या टोकाला, टेलस्टॉकमध्ये, पितळेचा खाचेचा आधार केला. त्या खाचेची खोली बसवायला दोन संध्याकाळी लागल्या.

चाक स्टाफवर रिव्हेट करायला मी मांडवीच्या त्याच कारागीर काकांकडे गेलो, कारण त्यांचा पंचांचा संच माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यांनी स्टाफ हिऱ्यात टाकून पूल कसला, चिमट्यानं तो वर-खाली हलवून पाहिला. ती अगदी किंचित मोकळीक त्यांना हवी होती आणि ती होती. मग दोन पंच, सहा-सात हलके ठोके. रोलर बसवला. चाकाचा तोल बघायला त्यांनी ते माणकाच्या दोन कडांवर ठेवलं. एक बाजू सारखी खाली येत होती, तिथला स्क्रू त्यांनी किंचित हलका केला. बालकमानी लावून पूल बसवताच चाक आपोआप झुलायला लागलं. काका काहीच बोलले नाहीत. शेजारच्या पोऱ्याला त्यांनी दोन चहा सांगितले.

फोनवरच्या ॲपनं पहिल्या दिवशी 40 सेकंद मागे दाखवलं. रेग्युलेटर हलवून आता दिवसाला 10-12 सेकंदांवर आणलंय. घड्याळ उभं धरलं की झोका कमी पडतो. पिव्हटच्या बाजू अजून थोड्या बर्निश करायला हव्यात, ते थंडीत करेन. बाबा रोज सकाळी आठला चावी देतात.

परवा काकांनी निरोप पाठवून बोलावलं. दुकानात गेल्यावर त्यांनी एक कागदी पुडी हातात ठेवली. कोणाच्या तरी आजीचं लहान घड्याळ होतं, आत तुटका स्टाफ. घरी येऊन वरचा पिव्हट मापला: 0.08.