प्रश्न कोणाचा, संघटना कोणाची

लोकसंघटनेच्या पुढील शिबिराचा आराखडा आज लिहायला घेतला. अशा आराखड्यांत पहिले सत्र बहुधा 'समस्येची ओळख' असे असते. परंतु जी माणसे ती समस्या रोज सोसतात, त्यांना तिची ओळख बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने करून द्यावी, हे मला पटत नाही.

अशा वेळी मला बर्निस रॉबिन्सन आठवतात. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील जॉन्स आयलंड या बेटावर जानेवारी १९५७ मध्ये प्रौढांचा जो वर्ग सुरू झाला, त्याच्या त्या पहिल्या शिक्षिका. कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी तेव्हा वाचनाच्या परीक्षेची अट वापरली जात असे. कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणाऱ्या हायलँडर लोकशाळेच्या सेप्टिमा क्लार्क यांनी या कामासाठी प्रशिक्षित शिक्षक मुद्दाम टाळला आणि केशरचना व शिवणकाम करणाऱ्या बर्निस यांना निवडले. बर्निस यांनी सोबत नेलेली लहान मुलांची पुस्तके बाजूला ठेवली आणि आलेल्या माणसांनाच विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? स्वतःचे नाव लिहिता यावे, बायबल वाचता यावे, टपालाने वस्तू मागवण्याचे अर्ज भरता यावेत, अशी उत्तरे आली. मतदार नोंदणीची वाट तिथूनच निघाली.

ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी १९६३ साली आंजिकोस या गावी सुमारे ३०० प्रौढांना चाळीस तासांत अक्षरओळख करून देण्याचा जो प्रयोग केला, त्यातही शब्द निवडले होते ते त्या माणसांच्याच श्रमातून आणि बोलण्यातून. निरक्षरांना तिथे मताधिकार नव्हता; त्यामुळे त्या अक्षरांचे राजकीय मोल सत्ताधाऱ्यांनी बरोबर ओळखले. १९६४ च्या लष्करी उठावानंतर फ्रेइरे यांना तुरुंगवास आणि पुढे देशत्याग सोसावा लागला.

प्रश्न ज्याने निवडला, संघटना त्याचीच होते, असे माझे ठाम मत आहे. अर्थात, गटात जो आधी आणि मोठ्याने बोलतो त्याचाच प्रश्न सर्वांचा ठरण्याचा धोका असतो. स्त्रिया, भूमिहीन, नव्याने आलेली कुटुंबे पहिल्या बैठकीत बहुधा गप्प असतात. म्हणून आधी दोघा-तिघांच्या लहान गटांत बोलणे व्हावे, असे मी आराखड्यात लिहिले आहे.

पहिल्या सत्राचा विषय आता कोरा ठेवला आहे. शेवटच्या सत्रात मात्र एक तारीख पक्की करायची आहे: ठरलेली कृती पार पडल्यानंतर पुन्हा एकत्र बसून, काय घडले आणि का घडले, हे तपासण्याच्या बैठकीची.