आमची वाटचाल आणि एक दुर्बीण

1998 साली आम्ही दोघांनी एका खोलीत हिशेबाचं काम सुरू केलं. भांडवल म्हणजे दोन टेबलं, कागदी पट्टीचं बेरजेचं यंत्र आणि भागीदाराची दोन बॉलपेनं. तपासलेल्या नोंदीला तो हिरवी टिक करायचा, शंका असेल तिथे लाल. अक्षर मात्र सुरेख होतं त्याचं, ते आजही मान्य करतो.

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाकींचा ताळा, जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, हा आमचा खाक्या. नव्या मुलांना अजून सांगतो, फरक आला तर आधी 9 ने भागून बघा. निःशेष भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. 5,310 चे 3,510 झाले की फरक पडतो 1,800. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोधा, ती नावेऐवजी जमेला बसलेली असू शकते. आणि कृपा करून फरक सस्पेन्स खात्यात, म्हणजे न उलगडलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, टाकून झोपू नका.

दुर्बीण ही माझी हौस. 8 जून 2004 ला शुक्राचं अधिक्रमण झालं, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकत गेला, तेव्हा ऑफिसच्या गच्चीवर तिच्यातून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली होती. त्यावरून सरकणारा काळा ठिपका सगळ्यांनी पाहिला. भागीदार तर पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं वेळा टिपत बसला होता. दुर्बीण फर्मच्या पैशांतून घेतलेली, मालमत्तेच्या नोंदवहीत 'कार्यालयीन उपकरणे' या सदरात. मला वाटलं, हुशारी केली.

2011 मध्ये तो वेगळा झाला. निम्मी गिऱ्हाइकं गेली, मी हाताखाली तयार केलेली दोन माणसं गेली आणि दुर्बीणही गेली. घसारा लावून लावून तिची किंमत वहीत नावापुरती उरली होती. "पुस्तकी किमतीला घेतो," म्हणाला. नियमात बसत होतं. सही मीच केली.

पुढच्या वर्षी खरा फटका बसला. आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई, औषधांच्या घाऊक व्यापारी, त्यांचं कर्जाचं प्रकरण अडकलं. बँकेतला भरणा विक्रीपेक्षा जास्त दिसत होता. विक्री लपवल्याचा संशय, आणि बाजारात आवई अशी की चूक माझी. ही कुठून उठली ते मला ठाऊक आहे.

5 जूनच्या रात्री फायली काढून बसलो. पहाटे दिसलं, विक्रीच्या तक्त्यातली शेवटची नोंद बरोबर 65,536 व्या ओळीवर थांबली होती. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत त्यापुढे ओळी मावतच नाहीत. मूळ नोंदी 71,000 च्या आसपास. जाण्यापूर्वी भागीदारानंच ती जुन्या प्रकारात साठवली होती. इशारा येतो तेव्हा, पण 'चालेल' दाबायची घाई असते. 2020 मध्ये इंग्लंडमध्ये ओळींच्या याच मर्यादेपायी कोरोनाच्या जवळपास 16,000 रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, तेव्हा माझं दुखणं जगाला कळलं. तेवढंच समाधान.

बाईंना भागीदाराबद्दल सांगायला लागलो तर म्हणाल्या, "आधी आकडा लावा, भांडण मागाहून करा." सुधारलेले हिशेब मी स्वतः बँकेत नेऊन दिले. कर्ज मिळालं. बाई आजही आमच्याकडेच आहेत, आणि शुल्क वाढवलं की आजही घासाघीस करतात.

त्या सकाळी, 6 जून 2012 ला, शुक्र पुन्हा सूर्यावरून गेला. मी पडदे ओढून ओळी मोजत होतो. आता पुढचं अधिक्रमण 2117 च्या डिसेंबरात. त्या सकाळचं भागीदारानं माझ्याच दुर्बिणीतून पाहिलं, असं कानावर आलं.

मधली वर्षं काम केलं, दुसरं काही नाही. आज आम्ही सात जण आहोत. अमावस्येच्या आसपास मी संध्याकाळी फोन बंद ठेवतो, मग करविवरणपत्राची शेवटची तारीख असो नाहीतर काही. नवी दुर्बीण जुनीपेक्षा मोठी आहे. पावती माझ्या नावावर आहे आणि ती घरी ठेवली आहे.