सँडिया क्रेस्ट: रोझी फिंचचे गाल पाहण्यासाठी

न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की शहराच्या पूर्वेस सँडिया पर्वताची भिंत उभी आहे आणि तिच्या १०,६७८ फूट उंचीच्या माथ्यापर्यंत थेट गाडी जाते. उत्तर अमेरिकेतील रोझी फिंच या उंच पर्वतांत राहणाऱ्या लहान पक्ष्याच्या तिन्ही जाती, म्हणजे ग्रे-क्राउन्ड, ब्लॅक आणि ब्राउन-कॅप्ड, हिवाळ्यात एकाच थव्यात दिसू शकतात अशा मोजक्या जागांपैकी ही एक. ज्यांनी लडाख किंवा स्पितीत ब्रँड्ट्स माउंटन फिंच पाहिला आहे, त्यांना या पक्ष्यांची वागणूक ओळखीची वाटेल, कारण दोघेही ल्युकोस्टिक्टी या एकाच प्रजातीतले (जीनस).

आम्ही जानेवारीत गेलो. थवा दरीकडून गिरक्या घेत वर आला, बर्फावर उतरला, काही मिनिटे दाणे टिपले आणि कसल्याशा धास्तीने सगळाच्या सगळा उडाला. एवढ्या वेळात ग्रे-क्राउन्डची उपजाती ओळखायची, तर नजर कुठे लावायची हे आधीच ठरलेले हवे, आणि ती जागा म्हणजे गाल. ग्रे-क्राउन्डच्या, खंडाच्या अंतर्भागात राहणाऱ्या उपजातीत राखाडी रंग डोळ्यामागून डोक्याच्या मागच्या भागापुरता राहतो व गाल तपकिरी असतो. अलास्का ते वॉशिंग्टन राज्याच्या किनारी पर्वतांत वीण करणाऱ्या हेपबर्न्स या उपजातीत (लिट्टोरॅलिस) तोच राखाडी रंग गालावर पसरतो, कधीकधी हनुवटीपर्यंतही. पक्षी बाजूने दिसेपर्यंत थांबावे. समोरून किंवा पाठीमागून दिसलेल्या पक्ष्यावर निर्णय देण्यात अर्थ नाही. चोचीचा रंग इथे उपयोगाचा नाही, कारण हिवाळ्यात ती सर्वांचीच पिवळी असते आणि विणीच्या काळात काळी होते.

तपकिरी गालाच्या पक्ष्याला मात्र मी पुढचे नाव देत नाही. सिएरा नेवाडातील डॉसनी आणि ओरेगॉनमधील वालोवा याही तपकिरी गालाच्याच उपजाती असून त्यांतील फरक छटांचे आहेत, आणि बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उजेडात छटा फसवतात. तज्ज्ञांचेही एकमत सहज झालेले नाही: १९८३ साली अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांच्या संघटनेने तिन्ही जाती आशियाई पक्ष्यांसह एकाच जातीत घातल्या आणि १९९३ साली त्या पुन्हा वेगळ्या केल्या. म्हणून नोंद करताना हेपबर्न्स स्पष्ट दिसला तरच तसे लिहावे, एरवी जातीवर थांबावे.

जाणाऱ्यांनी नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ निवडावा, सकाळी लवकर पोहोचावे आणि निघण्यापूर्वी रस्त्यावरील बर्फाची स्थिती व माथ्यावर काय उघडे आहे याची चौकशी करावी. उंची बाधू शकते, तेव्हा पाणी भरपूर प्यावे. कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. अलास्कालगतच्या प्रिबिलॉफ आणि अल्युशियन बेटांवरच्या उपजाती इथे मिळणार नाहीत. वजनाने अंतर्भागातील पक्ष्यांच्या जवळजवळ दुप्पट असलेले ते पक्षी पाहायचे असतील, तर अलास्कात अँकरेजहून विमानाने प्रिबिलॉफमधील सेंट पॉल बेट गाठता येते.