तेच छिद्र, तीच जागा

४ सप्टेंबर २०१४, गुरुवार. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी चीनमध्ये निंगबोला क्वालिटीचं काम बघत होतो. तिथल्या बेइलुन भागात ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग बनवणाऱ्या, बऱ्याच फाउंड्र्या आहेत. त्यातल्या एकीतून आमच्या इंजिनांच्या वॉटर पंपाची हाउसिंग्ज, म्हणजे बाहेरची कवचं, न्हावा शेवाला जायची. शनिवारी कंटेनर भरायचा होता. सोमवारी तिकडचा मध्य-शरद सण होता, आणि त्या वर्षी आपली अनंत चतुर्दशीही त्याच दिवशी आली होती.

लॉटच्या कागदांतल्या एक्स-रे प्रतिमा बघत होतो. चौथ्या प्रतिमेवर थांबलो. बोल्टच्या भोकाशेजारी तीन छिद्रं, मधलं लांबट. कुठेतरी पाहिलेली. जुलैच्या लॉटची फाइल काढली. तेच छिद्र, तीच जागा. ओतताना हवा अडकून होणारी छिद्रं दोन तुकड्यांत अशी हुबेहूब येत नाहीत. जुन्या प्रतिमेवर नवा नंबर टाकलेला होता.

खरं सांगतो, त्या क्षणी मनात पंप आला नाही, लाओबान आला. लाओबान म्हणजे मालक. मार्चमध्ये रात्री दोन वाजता माझ्या मुलीला तापात आकडी आली, तेव्हा मी त्यालाच फोन केला होता. तो स्वतः गाडी घेऊन आला. हॉस्पिटलमध्ये त्याचा शाळासोबती डॉक्टर होता, त्यामुळे आम्हाला थांबावं लागलं नाही. अनामत रक्कमही त्यानेच भरली आणि नंतर काही केल्या परत घेतली नाही. तेव्हापासून मला तो लाओदी म्हणायचा, धाकटा भाऊ.

प्रतिमांच्या खाली सही आमच्याच ऑफिसातल्या तपासनीस बाईंची होती. माझी बायको परदेशात एकटी पडू नये म्हणून दर रविवारी तिला भाजीबाजारात घेऊन जाणाऱ्या त्या बाई. त्यांना बाजूला बोलावलं.

"पैसे घेतले नाहीत मी," त्या आधीच म्हणाल्या.

"मला ठाऊक आहे."

फाउंड्रीचा क्वालिटी प्रमुख त्यांचा कॉलेजातला वर्गमित्र. एक्स-रे मशीन बंद पडलं, त्याने गळ घातली. नाही म्हटलं असतं तर हिच्यात रन्छिंग नाही, माणुसकीचा ओलावा नाही, असं सगळ्या वर्गात झालं असतं. मग त्यांनी मेंढीची गोष्ट सांगितली. एकाने कन्फ्यूशिअसला अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तर त्याने साक्ष दिली. कन्फ्यूशिअस म्हणाला, आमच्याकडे बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो, सरळपणा त्यातच असतो.

मी म्हणालो, हा बाप नव्हे, वर्गमित्र आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या मुलीला आत नेलं, तेव्हा बाहेर रांगेत किती मुलं होती, मोजलीत?"

मोजली नव्हती. एकही चेहरा आठवत नव्हता.

पुण्याला फोन केला. साहेब म्हणाले, "म्हणजे वशिलाच की हो." वशिला काम झालं की संपतो. ग्वान्शी, म्हणजे तिकडची ओळखीपाळखीतली बांधिलकी, संपत नाही. तिच्यात दोन्ही बाजूंचं देणं वर्षानुवर्षं चालू राहतं, आणि त्यात खरी माया असते. म्हणूनच ती मोडताना आपण कृतघ्न आहोत असं वाटतं. फेई शियाओतोंग या समाजशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात लिहिलं होतं की चिनी समाज पाण्यात पडलेल्या दगडाच्या तरंगांसारखा आहे. मध्ये आपण, जवळच्या वर्तुळात आपली माणसं, बाहेर जावं तसं कर्तव्य फिकं होत जातं. हाउसिंग गळून इंजिन तापलं असतं ते कसारा घाटात, आणि तो ड्रायव्हर आमच्यापैकी कुणाच्याच वर्तुळात नव्हता.

मेल न लिहिता लाओबानकडे गेलो. दार लावून बोललो. कामगारांसमोर बोललो असतो तर त्याची आब गेली असती. त्याने दोनदा चहा ओतला.

"लाओदी, हा कंटेनर जाऊ दे. जे खराब निघेल ते पुढच्या लॉटमध्ये बदलून देतो. माझा शब्द."

त्याचा शब्द खरा असायचा, हे मला माहीत होतं. तरी म्हणालो, "लाओबान, नाही जमणार." पेल्यातला चहा मला घोटवेना.

लॉट थांबवला. बाहेरच्या प्रयोगशाळेत ऐंशी नग तपासले, अकरा नापास झाले. सगळा लॉट निवडून कंटेनर दोन आठवड्यांनी निघाला. खर्च त्याने न बोलता भरला, पण लाओदी म्हणणं थांबलं.

रिपोर्टमध्ये मी प्रतिमेबद्दल सगळं लिहिलं. 'सही कोणाची' हा रकाना रिकामा राहिला. त्या रविवारी बाई नेहमीसारख्या आल्या, माझ्या मुलीचं बोट धरून बाजारात गेल्या.

पुण्याहून दोनदा विचारणा झाली. दोन्ही वेळा मी लिहिलं, चौकशी चालू आहे. चौकशी चालू नव्हती.