भावाच्या केसला दुभाषी मिळेपर्यंत

माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा आहे. गेल्या वर्षी त्याच्यावर दुकानातला मोबाइल चोरल्याची केस झाली. दोषारोप ठेवायच्या तारखेला आमचे वकील शेजारच्या कोर्टात अडकले होते. साहेबांनी विचारलं, "समजलं का? गुन्हा कबूल आहे का?" भावाने मान हलवली. समोरचा चिडू नये म्हणून तो सगळ्यांसमोर अशीच मान हलवतो. नोंद होणार इतक्यात मी मागच्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "साहेब, त्याला ऐकू येत नाही."

मग मलाच खुणांनी सांगायला लावणार होते, पण सरकारी वकिलांनी हरकत घेतली, ही आरोपीची बहीण आहे म्हणून. मला राग आला. घरी आल्यावर लक्षात आलं, आमच्या घरच्या खुणांत 'घेतला' आणि 'चोरला' यांना एकच खूण आहे, मूठ मिटून स्वतःकडे ओढायची. मी काय विचारलं असतं आणि त्याने कशाला हो म्हटलं असतं!

आमचे वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेले. (दिव्यांग व्यक्तीला ते मोफत मिळतात, उत्पन्नाची अट नाही. आम्हाला हे उशिरा कळलं.) त्यांनी दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 12 आणि नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा कायदा) कलम 314 लावून दुभाषासाठी अर्ज दिला. साक्षीदाराला बोलता येत नसेल तर दुभाषी घ्यावा आणि जबाबाचं चित्रण करावं, असं साक्ष अधिनियमाच्या कलम 125 मध्ये आहे. आरोपीसाठी ते तसं लिहिलेलं नाही, म्हणून चित्रणाची मागणी अर्जात वेगळी करावी लागली.

कोर्टाकडे यादी नव्हती. दोन तारखा नुसत्याच गेल्या. शेवटी भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषाची पदविका केलेल्या एक बाई मिळाल्या. भावाशी पाच मिनिटं बोलून त्यांनीच सांगितलं, "ताई, याच्या निम्म्या खुणा घरच्या आहेत. मला एकटीला जमणार नाही. याला ओळखणारा, स्वतः बहिरा असलेला कुणीतरी मधे हवा." भाऊ सातवीपर्यंत मूकबधिर शाळेत होता. तिथला एक जुना विद्यार्थी तयार झाला. दोघांनाही शपथ दिली. साहेबांचा प्रश्न बाईंकडे, बाईंकडून त्या मुलाकडे, मग भावाकडे, आणि उत्तर उलट्या वाटेने परत. एका परिच्छेदाच्या दोषारोपाला पाऊण तास लागला. साहेब मधेच घड्याळाकडे बघायचे, पण थांबवलं नाही त्यांनी.

भावाने या वेळी मान हलवली नाही. त्याने हवेत आकडे टाइप करून दाखवले. किंमत विचारायची तर तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा लिहून समोर धरतो. दुकानात गेला त्या दिवशी त्याचा फोन बंद पडला होता, म्हणून त्याने काउंटरवरचा उचलला. पोलिसांच्या कागदात हे कुठेच नव्हतं. विचारणार तरी कोण आणि कसं?

'गुन्हा नाकबूल' अशी नोंद झाली. आता साक्षी सुरू होतील, पहिला दुकानदारच. तो मराठीत बोलणार, म्हणजे त्याचं प्रत्येक वाक्य भावापर्यंत पोचायला पुन्हा ते दोघे हवेत. आधीच्या एका अर्जात ते भागत नाही, म्हणून वकिलांनी पुढच्या सगळ्या तारखांसाठी एकत्र अर्ज टाकलाय. बाईंचं एसटीचं भाडं सध्या आम्हीच देतोय.